मनोरी-गोराईचा सागरतीर : एक अभ्यास

मुंबईचा समुद्र असें म्हटलें कीं, बहुतेकांच्या डोळ्यांपुढें गिरगांवची किंवा जुहूची चौपाटी उभी राहते. भेळेच्या गाड्या, फुगेवाले आणि संध्याकाळची गर्दी आठवते. परंतु आपल्या उपनगरांच्या पश्चिमेस याहून अगदीं निराळा असा एक सागरतीर पसरलेला आहे. वेसाव्याच्या खाडीपलीकडील मढपासून निघालें म्हणजे एरंगळ, आक्सा, मार्वे आणि खाडी ओलांडल्यावर मनोरी, गोराई, उत्तन अशीं गांवें ओळीनें लागतात. येथें कोठें खडकांचीं भूशिरें समुद्रांत घुसलेलीं आहेत, तर कोठें दोन भूशिरांच्या मधोमध लांबच लांब वाळूचा पट्टा पसरला आहे. सुटीचे दिवस सोडले, तर सकाळच्या वेळीं मनोरीच्या वाळूवर कोळ्यांच्या पावलांखेरीज दुसरीं पावलें क्वचितच दिसतात.

अशा एकांताच्या जागीं जाण्याची हौस तरुण मनास असणें स्वाभाविक आहे, आणि ती हौस चांगलीच आहे. पण रानांत शिरणारा मनुष्य जशी वाटेची माहिती करून घेतो, तशी सागरतीरीं जाणाऱ्यानें समुद्राची माहिती करून घेतली पाहिजे. आक्सा, मनोरी, गोराई येथील पाण्यांत आजवर अनेक तरुण बुडून मेले आहेत, आणि त्यांत शाळा-कॉलेजांतील विद्यार्थीही होते. नुसतें पोहतां येणें येथें पुरत नाहीं. हा किनारा कसा बनला, पाणी केव्हां चढतें व केव्हां उतरतें, आणि तें मनुष्यास आंत कसें ओढून नेतें, या तीन गोष्टी ज्यास कळल्या, त्यासच येथें निर्धास्तपणें हिंडण्याचा अधिकार आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत या तिन्ही गोष्टींचा क्रमानें विचार करावयाचा आहे.

मनोरीस जावयाचें झाल्यास मालाड स्टेशनाहून मार्व्याच्या धक्क्यावर जावें व तेथून फेरीबोटीनें खाडी उतरावी. गोराईस जाणारे लोक बोरिवलीहून गोराई खाडीच्या धक्क्यावर येतात. खुष्कीनें जावयाचें असल्यास भाईंदरहून उत्तनमार्गें रस्ता आहे. खाडी ओलांडतांना दोन्ही कांठांवर तिवरांचीं दाट रानें दिसतात, त्यांकडे अवश्य लक्ष द्यावें. चिखलांतून पेन्सिलीसारखीं वर आलेलीं जीं असंख्य टोकें दिसतात, तीं तिवरांचीं श्वास घेणारीं मुळें होत. हीं झाडें चिखल धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, आणि त्यांच्या मुळांच्या आश्रयानें कोळंबीचीं व माशांचीं पिलें वाढतात. मुंबई हायकोर्टानें २००५ सालीं सबंध महाराष्ट्रांत तिवरांची तोड करण्यास मनाई केली, तिचें कारण हेंच आहे.

खाडीपलीकडील मनोरी, गोराई, डोंगरी, उत्तन या मुलखास जुन्या काळीं धारावी बेट म्हणत. माहीमजवळील धारावी ती ही नव्हे. येथें कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची वस्ती फार जुनी आहे. साष्टीचा हा सारा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यांत असतां एरंगळच्या वाळूवर १५७५ सालीं बांधलेलें सेंट बोनाव्हेंचरचें देवालय अद्यापि उभें आहे, आणि जानेवारी महिन्यांत तेथें मोठी जत्रा भरते. मढचा किल्लाही पोर्तुगीजांनींच बांधला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत वसईबरोबर हा प्रांत मराठ्यांच्या हातीं आला. पुढें १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम राहिली. एवढ्या सत्ता आल्या आणि गेल्या. परंतु खाडीच्या तोंडाशीं जाळीं लावणारा कोळी मात्र तेथेंच राहिला.

आतां या भूमीच्या घडणीकडे वळूं. दख्खनचें पठार ज्या लाव्हारसापासून झालें, त्याचा मोठा उद्रेक सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं झाला, हें भूगोलाच्या पुस्तकांत आपण वाचतोंच. मुंबईच्या पश्चिम कांठचे खडक त्या उद्रेकाच्या शेवटल्या काळांतले आहेत. डोंगरीच्या बाजूचे खडक तपासून शास्त्रज्ञांनीं त्यांचें वय सुमारें सव्वासहा कोटि वर्षें ठरविलें आहे. घाटांत सर्वत्र दिसणारा काळा बेसाल्ट येथें आहेच. पण मढ, मनोरी, उत्तन या पट्ट्यांत फिक्या, पिवळसर रंगाचे ट्रॅकाइट व ऱ्हायोलाइट नांवाचे खडकही सांपडतात. यांत वाळूच्या मूलद्रव्याचा, म्हणजे सिलिकेचा, अंश अधिक असतो. मालाडच्या खाणींतून निघणारा ट्रॅकाइट 'मालाडी दगड' या नांवानें प्रसिद्ध होता. फोर्टांतील वस्तुसंग्रहालयाची इमारत पाहिली म्हणजे तिच्या भिंतींत कुर्ल्याच्या काळसर दगडाशेजारीं हा पिवळसर दगड बसविलेला दिसेल. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, जिचे उभे खांब सुमारें दोनशें फूट उंच गेले आहेत, तीही याच अग्नियुगाची खूण होय.

कठीण खडक लाटांस दाद देत नाहींत, म्हणून त्यांचीं भूशिरें झालीं. जेथें खडक मऊ किंवा भेगाळलेला होता, तेथें समुद्रानें जमीन आंत खाल्ली व त्या कोंदणांत वाळू येऊन बसली. या वाळूची मूठभर पुडी घरीं आणून तीन साधे प्रयोग करावे. प्रथम ती भिंगाखालीं पाहावी, म्हणजे काळे, पांढरे आणि पिवळट असे निरनिराळे कण दिसतील. मग कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. कांहीं काळे कण त्याच्यामागें धांवूं लागतील, ते खडकांतील लोहयुक्त खनिजाचे होत. शेवटीं थोड्या वाळूवर लिंबाचा रस पिळावा. कांहीं कणांवर बारीक बुडबुडे येतील; ते शंख-शिंपल्यांचा चुरा होय, कारण शिंपल्यांतील चुन्याशीं आम्लाचा संयोग झाला म्हणजे वायु सुटतो. सारांश, पायांखालची वाळू म्हणजे अर्धा डोंगर व अर्धे समुद्रांतले जीव, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणानें समुद्राचें पाणी दिवसांतून दोन वेळां चढतें व दोन वेळां उतरतें. अमावास्येस व पौर्णिमेस चंद्र, सूर्य व पृथ्वी एका रेषेंत येतात. त्या सुमारास भरती फार उंच व ओहोटी फार खोल होते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांचें आकर्षण काटकोनांत पडतें व पाण्याची चढउतार कमी होते. त्या दिवसांस कोळी लोक भांग म्हणतात. मुंबईस अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ सालापासून ठेवलेली आहे. पावसाळ्यांतील मोठ्या उधाणास येथील पाणी साडेचार मीटरांहून वर जातें. अशा वेळीं मोठा पाऊस झाला तर शहरांतील पाण्यास समुद्रांत जाण्यास वाट मिळत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाणी इतकें तुंबण्याचें एक कारण भरतीच होतें.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या दिवसाची तिथि घ्यावी, तीस तिनानें गुणावें व चारानें भागावें. जो आंकडा येईल तितके वाजतां पूर्ण भरती असते. उदाहरणार्थ, चतुर्थीस चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजतां भरती. अष्टमीस सहा वाजतां. दशमीस साडेसात वाजतां. पूर्ण भरतीपासून सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी येते. ही रीत अंदाजाची आहे. वेळ अर्धा-पाऊण तास मागेंपुढें होऊं शकते, म्हणून छापील कोष्टक मिळाल्यास तें पाहावेंच. पण खिशांत पंचांगाची एक तिथि असली, तरी मनुष्य अगदींच अंधारांत राहत नाहीं.

आतां एक हिशोब करून पाहा. समजा, दशमीच्या दिवशीं कांहीं मुलें दुपारीं दीड वाजतां किनाऱ्यावर पोंचलीं. त्या वेळीं पूर्ण ओहोटी असल्यामुळें वाळू दूरवर उघडी पडलेली असेल, आणि टोंकाच्या खडकांपर्यंत कोरड्या पायांनीं जातां येईल. मुलें खडकावर जाऊन बसतील. परंतु त्या क्षणापासून पाणी चढूं लागलेलें असतें. तें सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढ बारा फूट धरल्यास पहिल्या तासांत तें सुमारें एक फूट, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्या तासांत तीन-तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक फूट चढतें. पहिला तास पाहून 'पाणी अगदीं हळू येत आहे' असा जो समज होतो, तोच घातक ठरतो. वाळूचा उतार पन्नास फुटांत एक फूट असा मंद असल्यास तिसऱ्या तासांत पाणी दीडशें फूट पुढें सरकतें. साडेतीन वाजतां निर्धास्त बसलेल्या मुलांच्या पाठीमागची सखल वाळू साडेचारपर्यंत पाण्याखालीं गेलेली असते, आणि खडकाचें बेट होतें. म्हणून खडकांवर जावयाचें तर ओहोटी पुरी होण्यापूर्वीं जावें, आणि पाणी वळलें कीं परतावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, व ती पालकांनींही ध्यानांत ठेवावी. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात. तें पाणी कोठून तरी परत गेलेंच पाहिजे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखालीं वाळूचे बांध तयार झालेले असतात. त्या बांधांत जेथें खिंड असते, तेथून हें परतीचें पाणी एका अरुंद ओघानें वेगानें समुद्राकडे धांवतें. त्याचा वेग कधीं कधीं सेकंदास दोन मीटरपर्यंत जातो. एवढ्या वेगापुढें पट्टीचा पोहणाराही टिकत नाहीं. फसवणूक ही कीं, या ओघाच्या जागीं पाणी खोल असल्यामुळें लाटा फुटत नाहींत. दोन्ही बाजूंस पांढरा फेंस उसळत असतो आणि मध्यें एक शांत, काळसर पट्टा दिसतो. अजाण मनुष्यास तीच जागा सुरक्षित वाटते, आणि तो नेमका तेथेंच उतरतो. खाडीच्या मुखाशींही ओहोटीच्या वेळीं अशीच ओढ असते. याशिवाय पाण्याखालील वाळूंत मध्यें मध्यें खड्डे पडलेले असतात. गुडघाभर पाण्यांत चालणाऱ्याचें पुढचें पाऊल एकदम गळ्याइतक्या पाण्यांत पडतें.

अशा ओघांत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडूं नये. सरळ परत येण्याच्या धडपडीनें दम जातो, आणि पुष्कळदां मनुष्य बुडतो तो या थकव्यानें. ओघ मनुष्यास खालीं ओढीत नाहीं, बाहेर नेतो. म्हणून प्रथम अंग सैल सोडून उताणें तरंगावें, श्वास संभाळावा, आणि किनाऱ्याशीं समांतर अशा दिशेनें पोहत ओघाबाहेर पडावें. ओघ अरुंद असतो. थोडें बाजूस गेल्यावर त्याचा जोर संपतो व मग लाटांबरोबर तिरपें किनाऱ्याकडे येतां येतें. पोहण्याची शक्ति नसल्यास तरंगत राहून एक हात वर करून हांक मारावी.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मित्राचें कर्तव्य याहून कठीण आहे, कारण त्याला आपल्या मायेस आवर घालावा लागतो. एकास वांचविण्यासाठीं दुसरा, दुसऱ्यासाठीं तिसरा, अशी उडी घेऊन सबंध मंडळी बुडाल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून आपण पाण्यांत न शिरतां दोर, लांब बांबू, झांकण लावलेला रिकामा डबा, जें तरंगेल तें त्याच्याकडे टाकावें. जीवरक्षकास व जवळच्या कोळ्यांस हांक मारावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावें. बाहेर काढलेल्या मनुष्याचा श्वास बंद असल्यास ताबडतोब कृत्रिम श्वास व छातीवर दाब देणें आवश्यक असतें, आणि तें प्रत्येक वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यानें शिकून ठेवावें. पोट दाबणें किंवा उलटें टांगणें हे जुने उपाय अपायकारक आहेत.

पावसाळ्यांत तर या किनाऱ्यावर पाण्यांत पाऊलही घालूं नये. नैर्ऋत्येकडील वाऱ्यानें उठलेल्या उंच लाटा जून ते सप्टेंबर या महिन्यांत किनाऱ्याची वाळू ओढून आंत नेतात; वाळूचा पट्टा अरुंद व उभट होतो, आणि पाण्याखालचे बांध व खड्डे रोज जागा बदलतात. हिवाळ्यांत समुद्र निवळला म्हणजे लहान लाटा तीच वाळू पुन्हा आणून घालतात. गेल्या मे महिन्यांत जेथें आपण पोहलों, ती जागा पुढल्या मे महिन्यांत तशीच असेल असें मुळींच समजूं नये. पावसाळी वाऱ्याबरोबर कधीं कधीं निळ्या फुग्यासारखे सुंदर प्राणी वाहून येतात. त्यांच्या दोऱ्यांस विषारी कांटे असतात व मेल्यावरही ते डंख करतात. त्यांस हात लावूं नये.

हें सारें वाचून कोणी भिऊन घरीं बसेल, तर लेखाचा हेतु साधला नाहीं असेंच म्हणावें लागेल. पाण्यांत न उतरतांही या वाळूवर पाहण्याजोगें इतकें आहे कीं, एक दिवस पुरत नाहीं. भरतीच्या रेषेच्या वर हिरवी, जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. तिचें नांव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जेथें संपते तेथें ती वाढते आणि आपल्या मुळांनीं उडती वाळू बांधून ठेवते. तिच्यामागें सुरू, ताड व नारळ. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी घातलेली आढळेल. ती लहानशा खेकड्यांची करामत आहे. ओहोटी लागली कीं ते बिळाबाहेर येतात, वाळूंतील अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात, आणि पुढल्या भरतीनें सारी रांगोळी पुसली जाते. खडकांस कालवें चिकटलेलीं असतात. गांवाजवळ बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. ते बोंबील डोल नांवाच्या जाळ्यांत धरलेले असतात. हें पिशवीसारखें लांब जाळें प्रवाहाच्या तोंडाशीं पक्कें बांधून ठेवतात व भरती-ओहोटीच्या ओघाबरोबर मासळी आपण होऊन त्यांत शिरते. ज्या ओढीनें अजाण मनुष्याचा प्राण जातो, त्याच ओढीवर जाणत्या कोळ्याचें घर चालतें. दोघांत अंतर आहे तें ज्ञानाचें.

या किनाऱ्यासही आपल्याकडून धोका आहे, तो सांगितल्यावांचून हा पाठ पुरा होणार नाहीं. नदी-नाल्यांतून वाहत आलेलें प्लॅस्टिक प्रत्येक भरतीबरोबर वाळूवर येऊन पडतें. वेसाव्याची वाळू अशीच कचऱ्याखालीं गाडली गेली होती. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शहा या तरुण वकिलांच्या पुढाकारानें नागरिकांनीं दर आठवड्यास तेथें सफाई चालविली, आणि मार्च २०१८ मध्यें त्याच वाळूंतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांचीं सुमारें ऐंशीं पिलें निघून समुद्राकडे गेलीं. मुंबईच्या किनाऱ्यावर असें दृश्य कित्येक वर्षांत कोणी पाहिलें नव्हतें. कासवाची मादी अंडीं घालण्यास मोकळी, अंधारी व शांत वाळू शोधते. ती वाळू कोणी उपसून नेली किंवा तिच्यावर भिंती घातल्या, तर तिला जागा उरत नाहीं. किनाऱ्याच्या रक्षणासाठीं सरकारनें १९९१ सालीं पहिले नियम जाहीर केले. परंतु नियमांचा उपयोग त्यांवर लक्ष ठेवणारे लोक असतील तेथेंच होतो.

पुढील सुटींत वडील मंडळींबरोबर मनोरीस किंवा गोराईस जाण्याचा योग आल्यास एक वही बरोबर न्यावी. निघण्यापूर्वीं तिथि पाहून भरतीची वेळ त्या वहींत लिहावी. वाळूंत एक काठी रोवून दर अर्ध्या तासानें पाणी किती पावलें पुढें आलें तें मोजावें, आणि आपलें गणित किती जुळलें तें पडताळावें. उंच जागेवरून फेंसामधला काळसर पट्टा ओळखण्याचा प्रयत्न करावा. पाण्याजवळ जाण्यापूर्वीं एखाद्या वृद्ध कोळीबाबांस किंवा मासळी निवडीत बसलेल्या मावशीस नम्रपणें विचारावें, "आज पाणी कसें आहे?" त्यांनीं नको म्हटलें, तर तेवढ्यावर थांबावें, वाळूवर बसून समुद्र पाहण्यास त्यांची कधींच हरकत नसते.